घर ही पहिली शाळा : मुलांवरील संस्कार आणि 'परकी' माणसे

तथागत भगवान बुद्ध राजगृहाजवळ वेळुवनात राहत असतानाची गोष्ट आहे. एके दिवशी सकाळी ते भिक्षेसाठी निघाले असता त्यांना सिगाल नावाचा एक तरुण दिसला. ओले केस, ओली वस्त्रे, हात जोडलेले, आणि तो पूर्व, दक्षिण, पश्चिम, उत्तर, खाली व वर अशा सहाही दिशांना नमस्कार करीत होता. तथागतांनी त्याला कारण विचारले. तो म्हणाला, वडिलांनी मरताना सांगितले होते, म्हणून करतो. असे का करायचे, हे त्याने वडिलांना विचारले नव्हते आणि वडिलांनीही सांगितले नव्हते.

दीघ निकायातील सिगालोवाद सुत्ताची सुरुवात अशी आहे. या सुत्ताला गृहस्थांचा विनय असे म्हटले जाते. आईवडिलांची कर्तव्ये, मुलांची कर्तव्ये, मित्रांची, पतिपत्नीची, मालक आणि चाकर यांची कर्तव्ये त्यात सांगितली आहेत आणि आपल्या विहारांतून त्यांवर अनेकदा प्रवचने होतात. परंतु सुरुवातीच्या या प्रसंगाकडे आपले लक्ष फारसे जात नाही. वडिलांनी सांगितले आणि मुलगा करीत राहिला. जगातील बहुतेक चालीरीती, श्रद्धा आणि भेदभावसुद्धा असेच एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे जातात. तथागतांनी सिगालाच्या वडिलांची टवाळी केली नाही. त्यांनी त्याच सहा दिशांना नवा अर्थ दिला. आईवडील म्हणजे पूर्व दिशा, गुरू म्हणजे दक्षिण दिशा, आणि घरात राबणारे चाकर म्हणजे खालची दिशा. त्या खालच्या दिशेलाही नमस्कार करायचा आहे, हे विसरता येत नाही.

आपल्यापेक्षा वेगळ्या माणसाकडे, म्हणजे वेगळ्या जातीच्या, धर्माच्या, रंगाच्या, भाषेच्या किंवा अपंग माणसाकडे पाहण्याची मुलांची दृष्टी घरात कशी तयार होते, याचा विचार या लेखात करावयाचा आहे. विषय साधा वाटतो, परंतु आपल्या चळवळीचे पुढच्या पिढीतील भवितव्य बऱ्याच अंशी त्यावर अवलंबून आहे असे मला वाटते.

मूल कसे शिकते?

तान्हे मूल कोणाच्याही कडेवर जाते. ज्याचा चेहरा ओळखीचा नाही त्याला पाहून ते रडेल, पण त्याची जात पाहून रडणार नाही. परक्याची थोडी भीती निसर्गाने दिलेली असते. परका कोणाला म्हणायचे, ते मात्र घर शिकवते. हे शिक्षण तीन वाटांनी होते.

पहिली वाट शब्दांची. 'ते लोक असेच असतात' हे वाक्य आपण जेवताना, टीव्ही पाहताना, रस्त्यावर गाडी आडवी आली तर सहज बोलून जातो. 'ते लोक' कोण, हे मूल लक्षात ठेवते.

दुसरी वाट वागण्याची. पाहुण्याला कोणत्या पेल्यात पाणी दिले, कामवाल्या मावशींना चहा कोणत्या कपात दिला, कोणाला खुर्ची दिली आणि कोणाला दारातूनच बोलून परत पाठवले, हे सर्व मूल पाहत असते. मी बँकेत काउंटरवर बसतो. वडिलांबरोबर लहान मुले येतात. जे वडील दारावरच्या सुरक्षा रक्षकाला 'ए, स्लिप दे' म्हणतात, त्यांचा सात वर्षांचा मुलगाही त्या वयस्कर माणसाला 'ए' म्हणतो. एखादे वडील 'काका, जरा स्लिप देता का' म्हणतात, तर त्यांचे मूल 'काका' म्हणते. अंगठा लावणाऱ्या म्हाताऱ्या बाईंचा फॉर्म एखादा बाप स्वतः थांबून भरून देतो, तेव्हा त्याचे मूल शेजारी उभे राहून पाहत असते. असा धडा कोणत्याही पुस्तकात नाही.

तिसरी वाट मौनाची. मुलाने वर्गातल्या एखाद्या मित्राचे नाव घेतले आणि आईवडिलांनी फक्त एकमेकांकडे पाहिले, एवढ्यानेही मुलाला कळते की हे नाव पुन्हा घरात घ्यायचे नाही. शब्द खोडून काढता येतो. ती नजर खोडून काढता येत नाही, कारण ती कधी बोललेलीच नसते.

बाबासाहेबांच्या आयुष्यातील दोन प्रसंग

परमपूज्य बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनपर लेखनात स्वतःच्या आयुष्यातील काही प्रसंग नोंदवून ठेवले आहेत. त्यातील दोन प्रसंग आपल्या विषयाशी थेट निगडित आहेत.

पहिला १९०१ सालचा. लहानगा भीम आपला भाऊ व भाचे यांच्यासह साताऱ्याहून आगगाडीने निघाला. वडील दूर नोकरीच्या गावी होते आणि मुलांना प्रथमच त्यांच्याकडे जायचे होते. मुले नवे कपडे घालून मसूर स्टेशनवर उतरली, परंतु न्यायला कोणी आले नव्हते. स्टेशनमास्तर आपुलकीने चौकशी करू लागले. छान कपड्यांतील मुले, बहुधा ब्राह्मणाची असावीत असे त्यांना वाटले. मुलांनी आपण महार आहोत असे निरागसपणे सांगताच त्यांचा चेहरा बदलला आणि ते दूर झाले. मुले तीच होती, कपडे तेच होते, भूक आणि काळजीही तीच होती. मग बदलले काय? त्या गृहस्थांच्या मनात लहानपणी कोणीतरी ठेवलेला एक शब्द जागा झाला, एवढेच. पुढे दुप्पट भाडे देऊनही गाडीवान गाडीत बसेना. मुलांनी गाडी हाकायची आणि त्याने बाजूने चालायचे असे ठरले. रात्रभर मुलांना प्यायला पाणी मिळाले नाही.

दुसरा प्रसंग आपल्या शहराच्या अगदी जवळचा, १९३४ सालचा. बाबासाहेब आणि त्यांचे सहकारी वेरूळची लेणी पाहण्यासाठी निघाले होते. वाटेत दौलताबादचा किल्ला पाहावा म्हणून ते थांबले. रमजानचा महिना होता. प्रवासाने अंग धुळीने भरले होते, म्हणून किल्ल्याच्या दरवाजाजवळील हौदावर काहींनी हातपाय धुतले. तेवढ्यात पांढरी दाढी असलेला एक वृद्ध मुसलमान ओरडत आला की, या धेडांनी हौद बाटवला. पाहता पाहता लहानथोर जमले आणि शिवीगाळ सुरू झाली. शेवटी किल्ला पाहायला परवानगी मिळाली ती एक हत्यारबंद शिपाई बरोबर घेऊन, म्हणजे आत कुठे पाण्याला हात लागू नये.

आपण दरवर्षी वेरूळला सहली नेतो आणि याच रस्त्याने दौलताबादवरून जातो. त्या वेळी मुलांना ही हकिकत अवश्य सांगावी. मात्र ती कशी सांगावी, याचा विचार आधी करावा. 'मुसलमान असे असतात' असा तिचा अर्थ मुलाने काढला, तर आपण बाबासाहेबांच्या लेखनाचा उपयोग एक नवा भेद पेरण्यासाठी केला असे होईल. त्या वृद्धाच्या धर्माने त्याला स्पृश्यास्पृश्य शिकवले नव्हते. ते त्याला भोवतालच्या समाजाने आणि घराने शिकवले होते. प्रसंगातून घ्यायचा धडा हा की, अस्पृश्यतेचे विष धर्माच्या भिंती ओलांडून पलीकडच्या घरातही पोहोचले होते. आणि जे विष इतके दूर पोहोचते, ते आपल्या घराच्या उंबरठ्यावर थांबले असेल काय, हा प्रश्न स्वतःला विचारायचा.

जगाचा अनुभव

हा प्रकार केवळ आपल्या देशातच आहे असे नाही. अमेरिकेत १९४० च्या दशकात केनेथ व मेमी क्लार्क या कृष्णवर्णीय मानसशास्त्रज्ञ दांपत्याने तीन ते सात वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलांसमोर गोऱ्या आणि काळ्या रंगाच्या बाहुल्या ठेवल्या. चांगली बाहुली कोणती, वाईट कोणती, असे प्रश्न विचारले. बहुसंख्य मुलांनी गोरी बाहुली चांगली म्हणून उचलली. 'तुझ्यासारखी कोणती?' असे विचारल्यावर काही मुले रडवेली झाली. हे संशोधन १९५४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयासमोरील शाळांतील वर्णभेदाच्या प्रसिद्ध खटल्यात विचारात घेतले गेले. ज्याचा तिरस्कार केला जातो, ते मूलही तिरस्कार करणाऱ्याचीच मापे शिकते आणि त्या मापांनी स्वतःला मोजते, हे त्यातून दिसले. आपल्या घरात 'मुलगी सावळी आहे, लग्नाला अडचण येईल' असे मुलीसमोर बोलले जाते तेव्हा आपण हेच करीत असतो.

दुसरे उदाहरण एप्रिल १९६८ चे. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येच्या दुसऱ्या दिवशी आयोवा राज्यातील रायसव्हिल या छोट्या गावातील शिक्षिका जेन एलियट यांनी आपल्या तिसरीच्या वर्गाची डोळ्यांच्या रंगावरून दोन गटांत विभागणी केली. एका रंगाची मुले श्रेष्ठ, दुसरी कनिष्ठ असे जाहीर केले. एका दिवसात श्रेष्ठ ठरवलेली मुले मित्रांना हिणवू लागली आणि कनिष्ठ ठरवलेली मुले अभ्यासात चुका करू लागली. पुढे गट उलटे केले, तेव्हा परिणामही उलटे झाले. एक शिक्षिका एका दिवसात जर एवढे करू शकते, तर अठरा-वीस वर्षे रोज शिकवणारे घर किती करू शकेल?

आपल्या देशात २०११-१२ मध्ये सुमारे ४२ हजार कुटुंबांची भारतीय मानव विकास पाहणी झाली. त्यात सुमारे २७ टक्के कुटुंबांनी आपण कोणत्या ना कोणत्या स्वरूपात अस्पृश्यता पाळतो असे स्वतःच्या तोंडाने कबूल केले. संविधानाच्या १७ व्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केल्याला तेव्हा साठ वर्षे होऊन गेली होती. कायदा दाराशी येऊन थांबतो, घरात त्याला प्रवेश नसतो. घरात आईवडिलांचाच कायदा चालतो.

आजीच्या दोन गोष्टी

येथे घरचा एक दाखला देणे भाग आहे. १९७८ साली २७ जुलैला विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाड्यातील गावागावांतून आपल्या वस्त्यांवर हल्ले झाले. माझा जन्म त्यानंतरचा. १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला तेव्हा मी शाळेत होतो. म्हणजे तो संघर्ष मी पाहिला नाही, आजीच्या तोंडून ऐकला.

आमचे गावचे घर त्या वेळी जळाले. आजी ती हकिकत सांगताना दोन गोष्टी सांगत असे. घर कोणी जाळले हे ती सांगायची. त्याच रात्री शेतात लपून बसलेल्या आमच्या कुटुंबाला, स्वतःच्या भावकीची नजर चुकवून, पदराखाली भाकरी झाकून कोणी आणून दिली तेही ती सांगायची. दोघीही गोष्टी एकाच आळीतल्या, एकाच जातीतल्या माणसांच्या होत्या. आम्ही मुले पहिल्या गोष्टीने तापलो की ती दुसरी सांगितल्याशिवाय उठू देत नसे. म्हणायची, "घर जाळलं ते बी गावानंच, अन् रातच्याला भाकर आणून दिली ती बी गावानंच. एक सांगून दुसरं दडवलं तर ते खोटं होतंय बाळा."

आजी शाळेत गेलेली नव्हती. परंतु मुलांना अन्याय कसा सांगावा, याचे यापेक्षा चांगले शिक्षण मला कोणत्याही पुस्तकात मिळालेले नाही. आपल्यातील काहीजण म्हणतात की, सर्व माणसे सारखी असे मुलांना शिकवले तर ती आपला इतिहास विसरतील, त्यांच्यातील चीड मरून जाईल. ही शंका रास्त आहे. परंतु चीड अन्यायाबद्दल असावी आणि अन्याय ज्या व्यवस्थेतून येतो तिच्याबद्दल असावी. समोरच्या बाकावर बसलेल्या आठ वर्षांच्या मुलाने कोणाचेही घर जाळलेले नसते.

स्वतःच्या घरातील चूक

अशा आजीच्या मांडीवर वाढलेल्या माणसाकडून चूक होणार नाही असे वाटेल. पण झाली. ती लिहिताना संकोच वाटतो, तरी लिहितो, कारण ती माझ्या एकट्याची नाही असा माझा अंदाज आहे.

काही वर्षांपूर्वी आमच्या घराच्या वरच्या मजल्यावरील खोली भाड्याने द्यायची होती. ओळखीतून एक कुटुंब आले. गृहस्थ गवंडीकाम करणारे, बायको, दोन मुले. बोलण्यातून ते मातंग समाजाचे आहेत असे कळले. मी त्यांना सांगितले की, खोली नातेवाइकांसाठी ठेवायचे ठरले आहे. हे खोटे होते. आणि हेच वाक्य माझ्या वडिलांनी या शहरात भाड्याची खोली शोधताना दारोदार ऐकले होते. रात्री जेवताना मी पत्नीला म्हणालो, "त्यांचं आपलं जमायचं नाही." विषय संपला.

संपला असे मला वाटले. महिनाभराने तिसरीत शिकणारी माझी मुलगी घरी आल्यावर सांगू लागली की, आता ती अमुक मैत्रिणीबरोबर डबा खात नाही. मी कारण विचारले. ती म्हणाली, "पप्पा, त्यांची जयंती वेगळी असते. त्यांचं आपलं जमायचं नाही." अगदी माझेच शब्द, माझ्याच सुरात. मसूरच्या स्टेशनमास्तरांच्या मनात लहानपणी कोणी काय ठेवले असेल हे मला त्या दिवशी समजले. असे शब्द ठेवणारा कोणी राक्षस नसतो. तो जेवायला बसलेला एक साधा बाप असतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मजूर उभे राहतात त्या चौकात मी त्या गृहस्थांना शोधत गेलो. तिसऱ्या दिवशी भेट झाली. खोली रिकामी आहे, या, असे म्हणालो. त्यांनी दुसरीकडे सोय करून घेतली होती. "राहू द्या साहेब," एवढेच ते म्हणाले आणि कामाच्या टेम्पोत चढले. मुलीला मी खरे काय ते सांगितले, की पप्पा खोटे बोलले होते आणि ते चुकीचे होते. तिने मैत्रिणीला घरी बोलावले. त्या मुलीची आई आधी पाठवायला तयार नव्हती, आणि तिचे चूक होते असे मला म्हणता येत नाही. दोन-तीन महिन्यांनी ती मुलगी आली. आता दोघी एकमेकींच्या जयंतीला जातात.

श्रेणीबद्ध विषमता घरात

बाबासाहेबांनी जातिव्यवस्थेला श्रेणीबद्ध विषमता म्हटले. वर पाहून आदर आणि खाली पाहून तिरस्कार, अशी ही उतरंड असते. प्रत्येकाला आपल्या खाली कोणीतरी लागतो, आणि म्हणूनच सर्व पीडित एकत्र येऊन ती उलथवत नाहीत. ही उतरंड वरच्यांनी रचली हे खरे आहे. पण तिची आपल्या वाट्याची पायरी आपण रोज झाडून-पुसून ठेवीत असू, तर दोष केवळ वरच्यांना देता येणार नाही.

१८५५ साली पुण्यात जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या चौदा वर्षांच्या मातंग मुलीने एक निबंध लिहिला आणि तो 'ज्ञानोदय' या पत्रात प्रसिद्ध झाला. त्याचे शीर्षक 'मांग महारांच्या दुःखाविषयी' असे आहे. त्या मुलीने दोन्ही समाजांचे दुःख एकाच शीर्षकात मांडले. तिला दोन दुःखे वेगळी दिसली नाहीत. दीडशेहून अधिक वर्षांनंतर आपल्या मुलांना ती वेगळी दिसत असतील, तर मधल्या काळात घरांनी काय शिकवले याचा हिशेब आपण केला पाहिजे.

विनयपिटकातील एक प्रसंग या दृष्टीने मोलाचा आहे. भद्दिय, अनुरुद्ध, आनंद, भगु, किंबिल व देवदत्त हे सहा शाक्य तरुण प्रव्रज्या घेण्यासाठी तथागतांकडे गेले. त्यांच्याबरोबर त्यांचा न्हावी उपाली होता. शाक्य तरुणांनीच विनंती केली की, आम्ही शाक्य अभिमानी आहोत, तेव्हा उपालीला आधी प्रव्रज्या द्यावी, म्हणजे आम्हाला त्याला वंदन करावे लागेल आणि आमचा शाक्यपणाचा गर्व उतरेल. तथागतांनी तसे केले. हाच उपाली पुढे पहिल्या संगीतीत विनयाचे संगायन करणारा ठरला. या तरुणांचे मोठेपण असे की, आपल्या घराने आपल्याला काय शिकवले आहे हे त्यांनी ओळखले आणि ते उतरवण्याचा उपाय त्यांनी स्वतःच मागितला.

नागसेनवनाचा धडा

आपल्या शहरात १९५० साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे महाविद्यालय सुरू झाले. त्याला बाबासाहेबांनी मिलिंद हे नाव दिले आणि परिसराला नागसेनवन. ही दोन नावे का, याचा विचार विद्यार्थी मित्रांनी करावा. मिलिंद हा ग्रीक राजा मिनँडर. भाषा, वेष, देश सर्व वेगळे. नागसेन हे भिक्षू. राजाने वाद करण्याची इच्छा दर्शवली तेव्हा नागसेनांनी अट घातली की, पंडित बोलतात तसे बोलणार असशील तर बोलू, राजे बोलतात तसे नाही. कारण पंडित आपले म्हणणे खोडले गेले तरी रागावत नाहीत, राजे मात्र विरोध करणाऱ्याला दंड करतात. मिलिंदाने अट मान्य केली. वेगळ्या माणसाशी बोलण्याची पहिली अट बरोबरीची आहे, हे त्या परिसराच्या नावातच बाबासाहेबांनी लिहून ठेवले.

पुढे १९५४ साली अमेरिकन मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी पूर्वग्रहावरील आपल्या ग्रंथात जवळपास हेच मांडले. वेगवेगळे लोक नुसते शेजारी राहिल्याने पूर्वग्रह जात नाही. दोघांचा दर्जा समान असावा, उद्दिष्ट एक असावे, ते एकमेकांच्या सहकार्याने साधावे लागावे आणि वडीलधाऱ्यांचा किंवा संस्थेचा त्याला पाठिंबा असावा, तर पूर्वग्रह कमी होतो. मालकाच्या मुलाने मोलकरणीच्या मुलीला रोज पाहिल्याने समता शिकली जात नाही. तीच दोन मुले एका कबड्डीच्या संघात असली तर शिकली जाते.

आपण काय करू शकतो?

मोठमोठ्या योजना सांगण्याचा माझा अधिकार नाही. घराघरांत करता येतील अशा काही गोष्टी तेवढ्या सुचवतो.

१) घरात 'ते लोक' हा शब्दप्रयोग बंद करावा. कोणी चूक केली असेल तर त्या माणसाविषयी बोलावे, त्याच्या समाजाविषयी नाही. मुलांनी आईवडिलांना टोकले तर राग मानू नये.

२) पाण्याचा पेला आणि चहाचा कप सर्वांसाठी एकच असावा. सिगालोवादात चाकरांना शक्तीनुसार काम, अन्न व वेतन, आजारात शुश्रूषा, गोडधोडातील वाटा आणि वेळोवेळी सुट्टी द्यावी असे सांगितले आहे. ज्या घरात मूल हे पाहील, त्याला श्रमप्रतिष्ठेवर वेगळे व्याख्यान द्यावे लागणार नाही.

३) विहारातील रविवारच्या बालसंस्कार वर्गाला इतर समाजांतील मुलांनाही बोलवावे. मुक्ता साळवे, अण्णा भाऊ साठे, फातिमा शेख यांची माहिती आपल्या मुलांना द्यावी. दुसऱ्यांच्या सणाला, जयंतीला मुलांना घेऊन जावे आणि तेथे पाहुण्यासारखे वागावे.

४) अपंग किंवा मतिमंद मुलाकडे पाहून आपली मुले हसली तर नुसते दटावू नये. त्या मुलाशी खेळण्याची संधी द्यावी. दया दाखवणे आणि बरोबरीने खेळणे यांत फार अंतर आहे.

५) अन्यायाचा इतिहास सांगावा, लपवू नये. मात्र आजीप्रमाणे दोन्ही गोष्टी सांगाव्यात.

६) आपण चुकलो तर मुलांसमोर कबूल करावे. आईबाप चुकतात आणि सुधारतात, हे पाहिलेले मूल स्वतःची चूक दडवत नाही.

या सर्वांना एक कसोटी आहे आणि ती तथागतांनी स्वतःच्या मुलाला दिली होती. मज्झिम निकायातील एका सुत्तात त्यांनी बाल राहुलाला पाण्याच्या भांड्याचा दाखला देऊन सत्य बोलण्याचे महत्त्व सांगितले. मग विचारले, आरसा कशासाठी असतो? राहुल म्हणाला, पाहण्यासाठी. तसेच प्रत्येक कृती, प्रत्येक शब्द, प्रत्येक विचार करण्यापूर्वी, करताना आणि केल्यावर पाहावा, की याने मला किंवा दुसऱ्याला दुःख होईल काय? पिता म्हणून तथागतांनी मुलाला दिलेला वारसा हा असा होता. जेवताना 'त्यांचं आपलं जमायचं नाही' हे वाक्य ओठांवर आले तेव्हा मी हा आरसा पाहिला असता तर बरे झाले असते.

बावीस प्रतिज्ञांमध्ये सर्व माणसे समान मानण्याची आणि समता प्रस्थापित करण्यासाठी प्रयत्न करण्याची अशा दोन स्वतंत्र प्रतिज्ञा आहेत. पहिली मानण्याची, दुसरी करण्याची. पहिली आपण विहारात म्हणतो. दुसरी घरी, स्वयंपाकघरात आणि ओसरीवर पाळायची असते, आणि तेथे ती ऐकायला मुलांशिवाय कोणी नसते.

सिगालाने वडिलांचे ऐकले आणि सहा दिशांना नमस्कार केला. आपली मुलेही आपले ऐकणार आहेत. आपण गेल्यानंतर आपले कोणते वाक्य त्यांच्या तोंडी राहावे, हे आज रात्री जेवायला बसताना प्रत्येक आईवडिलांनी एकदा ठरवावे, एवढीच नम्र विनंती.

जय भीम! नमो बुद्धाय!